दारासमोरच्या रस्त्याचे पैसे: महापालिका ते कोणत्या वाटांनी घेते आणि मालकाने काय तपासावं

महाराष्ट्रात ‘तुमच्या घरासमोरचा रस्ता केला, त्याचे तुमच्याकडे इतके निघाले’ असं बिल सहसा कोणाला येत नाही. त्यामुळे रस्ता सरकारी पैशांतून होतो, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मालमत्ताधारकाकडून हा पैसा वेगवेगळ्या नावांनी जात असतो. मालमत्ता कराच्या बिलातला पथकर (स्ट्रीट टॅक्स, टोल नव्हे), बांधकाम परवानगीच्या वेळचं विकास शुल्क, नगररचना (टीपी) योजनेतलं अंशदान, खाजगी गल्लीच्या कामाची नोटीस, नळ किंवा ड्रेनेज जोडताना भरलेलं खोदाई शुल्क ही त्यातली मुख्य नावं. प्रत्येकाचा कायदा वेगळा, हिशोब वेगळा, आणि तक्रार कुठे व किती दिवसांत करायची तेही वेगळं.

सोसायटीच्या सभेत या सगळ्याची खिचडी होते. पथकरावर चिडलेला सभासद विकास शुल्काबद्दल बोलत राहतो, आणि टीपी योजनेत जमीन गेलेला शेतकरी हरकतीचे तीस दिवस ‘कुठे विचारायचं’ यातच घालवतो. दर जास्त की कमी हा वाद नंतरचा. हातातला कागद कोणत्या कलमाखाली आला आहे ते आधी पाहा, कारण भांडायचं कुठे आणि भांडून काही मिळणार आहे की नाही, दोन्ही त्यावरच ठरतं.

पहिली पायरी: रस्ता कोणाच्या नावावर आहे?

शहरातला रस्ता साधारण चार प्रकारचा असतो. विकास आराखड्यात दाखवलेला डीपी रस्ता, नगररचना योजनेतून तयार झालेला टीपी रस्ता, एखाद्या मंजूर ले-आउटमधला अंतर्गत रस्ता, आणि जुन्या मालकाने प्लॉट विकताना सोडलेली खाजगी गल्ली. हद्दवाढीत आलेल्या गावांत गाव नकाशावरचे शिवरस्ते आणि पाणंदीही असतात, त्यांची गोष्ट आणखी निराळी.

डांबर पडलं, खांबावर दिवा लागला, कचऱ्याची गाडी येते, म्हणजे रस्ता महापालिकेचा झाला असं नाही. कितीतरी गल्ल्यांत पालिका वर्षानुवर्षं झाडलोट करते आणि कागदावर गल्ली अजून कुणा जुन्या जमीनदाराच्याच नावावर असते. रस्ता फुटला, अर्ज गेला, की मग वॉर्ड ऑफिसमधून उत्तर येतं की सदर रस्ता खाजगी असल्याने काम करता येत नाही.

म्हणून आधी तीन कागद मिळवा.

रस्त्याच्या पट्टीचं मालमत्ता पत्रक. लोक आपल्या इमारतीचं प्रॉपर्टी कार्ड काढतात, रस्त्याचं काढत नाहीत. नगर भूमापन कार्यालयाच्या नकाशावर रस्त्याच्या तुकड्याला वेगळा सिटीएस क्रमांक आहे का ते बघा. असेल तर त्याचं पत्रक काढा आणि धारक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. भूमापन न झालेल्या भागात सातबारा आणि गट नकाशा बघावा लागतो.

डीपी रिमार्क. मुंबईत या नावाने मिळतो, पुण्यात झोन दाखला आणि भाग नकाशा म्हणतात. रस्ता आराखड्यात आहे का, त्याची रुंदी किती, आणि रुंदीकरणाची रस्तारेषा तुमच्या कंपाउंडच्या आत येते का, हे त्यातून कळतं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. कारण उद्या पुनर्विकास करताना ती पट्टी सोडावी लागते.

मंजूर ले-आउटचा नकाशा, त्यावरच्या शर्तींसह. अंतर्गत रस्ते विकसकाने बांधून पालिकेकडे हस्तांतरित करायचे होते का, हे त्या शर्तींत लिहिलेलं असतं. बिल्डर काम संपवून गेला आणि हस्तांतरण राहून गेलं, हा प्रकार इतका सर्रास आहे की ले-आउटमध्ये राहणाऱ्याने ताबा पावती झाली आहे की नाही हे सगळ्यांत आधी विचारावं.

दुसरी पायरी: कागदाचं डोकं वाचा

रकमेकडे नजर जाण्याआधी कागदाच्या वरच्या भागात अधिनियमाचं नाव आणि कलम शोधा. मुंबईत ‘मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८’, मुंबई सोडून इतर महापालिकांत ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ (१९४९ चा, जुना मुंबई प्रांतिक), नगरपरिषदेत १९६५ चा अधिनियम, आणि नियोजनाशी संबंधित सगळ्या रकमांसाठी ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’. हा शेवटचा कायदा रोजच्या बोलण्यात एमआरटीपी म्हणूनच ओळखला जातो, पुढेही मी तसंच म्हणेन.

कलमच लिहिलेलं नसेल तर पैसे भरण्याआधी एका ओळीचं पत्र द्या: ‘सदर मागणी कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये आहे ते कळवावे.’ आवक शिक्का घ्या. या एका पत्राने अर्धे गोंधळ मिटतात.

तिसरी पायरी: पथकर

मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर अशा ओळी असतात आणि त्यांतच पथकराची एक ओळ असते. इतर शहरांच्या बिलांतही अशी ओळ सापडते. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून कर भांडवली मूल्यावर आहे. म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने भागवार ठरवलेल्या मालमत्ता-दरांच्या तक्त्याचा) दर, इमारतीचा प्रकार, वापर, वय आणि क्षेत्रफळ यांवरून आधी मूल्य काढलं जातं आणि मग प्रत्येक कराचा आपापला दर त्याला लावला जातो. पुण्यासारख्या शहरात पाया वार्षिक करपात्र मूल्याचा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. पथकर हा कर आहे, शुल्क नाही. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतला जो फरक सांगितला तो आजही आधाराला घेतला जातो: कराच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळालीच पाहिजे असं नसतं, शुल्काचा मात्र दिलेल्या सेवेशी संबंध लागतो. त्यामुळे ‘आमच्या गल्लीत खड्डे आहेत, पथकर देणार नाही’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवतं, अपिलात टिकत नाही.

उलटही खरं आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पथकराची ओळच नाही म्हणून त्या घरांचा रस्त्यावरचा हक्क कमी होत नाही.

मग इथे भांडायला काय उरतं? मूल्य. क्षेत्रफळ चुकीचं लागलंय का, निवासी घराला व्यापारी वापर लावलाय का, इमारतीचं वय बरोबर आहे का. हे दुरुस्त झालं की पथकरासकट सगळ्या ओळी खाली येतात. नवी आकारणी किंवा वाढ झाली की विशेष नोटीस येते, तिच्यात हरकतीची मुदत दिलेली असते, आणि ती नोटीस मिळाल्यापासून मोजायची असल्याने पाकिटावरची तारीख जपून ठेवा. हरकत फेटाळली तर अपील करता येतं, मुंबईत ते लघुवाद न्यायालयात जातं. पण वादातली रक्कम आधी भरावी लागते. ‘निषेधासह भरणा’ असं लिहून भरा.

चौथी पायरी: विकास शुल्क

एमआरटीपीमध्ये १९९२ साली प्रकरण सहा-अ घातलं गेलं, कलम १२४-अ पासून पुढे. जमिनीचा विकास करणाऱ्याने किंवा तिचा वापर बदलणाऱ्याने नियोजन प्राधिकरणाला पैसे द्यायचे, आणि त्यातून रस्ते व इतर सार्वजनिक सुविधा उभ्या करायच्या, असा त्याचा हेतू. सुरुवातीला दर चौरस मीटरमागे रुपयांत होते. २०१० च्या दुरुस्तीने ते रेडी रेकनरमधल्या विकसित जमिनीच्या दराशी बांधले गेले: महापालिका क्षेत्रात निवासी वापराला जमिनीसाठी अर्धा टक्का आणि बांधकामासाठी दोन टक्के. औद्योगिक वापराला त्याच्या दीडपट, व्यापारी वापराला दुप्पट.

आकडे घेऊन बघू. समजा भूखंड १,००० चौरस मीटर, प्रस्तावित निवासी बांधकाम २,००० चौरस मीटर, रेडी रेकनरचा जमिनीचा दर चौरस मीटरला ५०,००० रुपये. जमिनीपोटी ५०,००० चा अर्धा टक्का म्हणजे २५० रुपये, गुणिले १,०००, झाले अडीच लाख. बांधकामापोटी दोन टक्के म्हणजे १,००० रुपये, गुणिले २,०००, झाले वीस लाख. एकूण साडेबावीस लाख.

पण मेट्रोसारखा ‘महत्त्वाचा नागरी वाहतूक प्रकल्प’ जिथे आहे तिथे विकास शुल्कात शंभर टक्के वाढ करण्याची तरतूद २०१५ साली आली. ती लागली की तेच साडेबावीस लाख पंचेचाळीस लाख होतात. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यात घर खरेदी करताना मुद्रांक शुल्कासोबत मालमत्तेच्या किमतीवर जो एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो तो याहून वेगळा. तो खरेदीदार देतो, हे परवानगी घेणारा देतो. एकच घर दोन्हींतून जातं, हे मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही.

पुनर्विकासात जाणाऱ्या सोसायटीने आर्किटेक्टकडून आकारणीचा तक्ता मागून घ्यावा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: कोणत्या वर्षाचा रेडी रेकनर लावला, कोणता झोन क्रमांक लावला, आणि जुनं अधिकृत बांधकाम मोजणीत कसं धरलं. झोन क्रमांकाची चूक मोठ्या रस्त्यालगतच्या सोसायट्यांत जास्त होते, कारण मुख्य रस्त्यालगतच्या जमिनीचा दर आतल्या जमिनीपेक्षा बराच वर असतो. विकसक भरतोय म्हणून दुर्लक्ष करू नका. त्याने जास्त भरलं की सोसायटीला मिळणाऱ्या कॉर्पस निधीत किंवा क्षेत्रफळात ते तुमच्याकडूनच वळतं केलं जातं.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या भूखंडांवरच्या घरांना याच जातीची रक्कम वेगळ्या कायद्याखाली लागते. २००१ चा गुंठेवारी अधिनियम २०२१ साली सुधारला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याच्या कक्षेत आली. तिथे प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करून देण्याचं) आणि विकास आकार असे दोन आकडे येतात. पावती दोन्हींची वेगवेगळी घ्या आणि आपल्या वस्तीच्या रस्ता-गटारासाठी त्यातलं किती खर्च झालं ते दरवर्षी लेखी विचारा.

पाचवी पायरी: नगररचना योजना आणि अंशदान

रस्त्यामुळे जमिनीची किंमत वाढते, तर त्या वाढीतला वाटा रस्ता करणाऱ्याला मिळावा, ही कल्पना इथे सरळ कायद्यात लिहिली आहे. आणि ती इथली जुनी आहे: मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत अजूनही ‘एफ.पी. क्रमांक’ आणि ‘टीपीएस’ दिसतं, ते त्या योजनांचं. पुण्यात भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, असंच आखलं गेलं. अलीकडे पुणे महानगर प्राधिकरणाची माण-म्हाळुंगे, पुणे महापालिकेने हाती घेतलेल्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या, आणि सिडकोच्या नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या) क्षेत्रातल्या योजना याच कायद्याखाली आहेत. नैनात जमीनमालकाला मूळ क्षेत्राच्या साधारण ४० टक्के अंतिम भूखंड मिळतो, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या आक्षेपांत जमिनीइतकाच हा अंशदानाचा आकडाही होता. ते त्याला बेटरमेंट चार्ज म्हणतात, सगळेच म्हणतात.

रचना अशी. तुमचा मूळ भूखंड (ओ.पी.) योजनेत जातो. त्यातून रस्ते, बागा, शाळांची जागा वजा होऊन नीट आकाराचा अंतिम भूखंड (एफ.पी.) परत मिळतो. मग पैशांचा हिशोब होतो, आणि तो दोन पायांवर उभा असतो.

पहिला पाय भरपाईचा. मूळ भूखंडाची किंमत आणि अंतिम भूखंडाची, योजनेतल्या सुधारणा लक्षात न घेता काढलेली किंमत, यांतला फरक.

दुसरा पाय मूल्यवृद्धीचा. कलम ९८ प्रमाणे योजना पूर्ण झाली असं गृहीत धरून अंतिम भूखंडाची किंमत काढायची, त्यातून सुधारणा नसतानाची किंमत वजा करायची. दोन्ही किमती योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्या तारखेच्या. उरतो तो आकडा म्हणजे वृद्धी. कलम ९९ प्रमाणे योजनेचा खर्च या वृद्धीच्या प्रमाणात भूखंडांवर वाटला जातो, पण वृद्धीच्या निम्म्यापेक्षा जास्त अंशदान घेता येत नाही. खर्च त्याहून वर गेला तर वरचा भाग प्राधिकरणाने सोसायचा.

हाताने करून बघा, म्हणजे भीती जाते. हे आकडे समजण्यापुरते.

मूळ भूखंड २,००० चौ.मी., दर ५,००० रुपये: किंमत १ कोटी.
अंतिम भूखंड १,२०० चौ.मी., सुधारणेविना दर ६,००० (आकार सुधारला म्हणून थोडा जास्त): ७२ लाख.
भरपाई: २८ लाख.
योजना पूर्ण धरून अंतिम भूखंडाचा दर १४,०००: १ कोटी ६८ लाख.
वृद्धी: १ कोटी ६८ लाख वजा ७२ लाख, म्हणजे ९६ लाख.
निम्मी वृद्धी: ४८ लाख.
निव्वळ मागणी: ४८ लाख वजा २८ लाख, म्हणजे २० लाख.

आता योजनेचा खर्च कमी असेल तर? समजा सगळ्या भूखंडांची मिळून वृद्धी २०० कोटी आणि योजनेचा खर्च ८० कोटी. तर प्रत्येकाकडून वृद्धीच्या ४० टक्केच घेता येतील: ९६ लाखांचे ३८ लाख ४० हजार, वजा २८ लाख, निव्वळ मागणी १० लाख ४० हजार. एकाच भूखंडाची मागणी जवळपास निम्मी झाली. म्हणून फक्त आपल्या ओळीवर बोट ठेवून बसू नका, योजनेच्या एकूण खर्चाचा तक्ताही मागा. प्रत्येक भूखंडाच्या किमती आणि मागणी दाखवणाऱ्या तक्त्याला नमुना क्रमांक १ म्हणतात, खर्चाच्या तक्त्याला नमुना क्रमांक २. मसुद्यासोबत दोन्ही उपलब्ध असतात. नमुना १ हा इतका आडवा असतो की झेरॉक्समध्ये उजवीकडचे रकाने कापले जातात, आणि निव्वळ मागणीचा रकाना नेमका उजव्या टोकाला असतो. पूर्ण रुंदीची प्रत घ्या.

भरपाई वजा जाता आकडा उणे आला तर प्राधिकरणच तुम्हाला देणं लागतं.

हरकत कधी घ्यायची? मसुदा योजना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत पहिली लेखी हरकत, कलम ६७ खाली. मसुदा मंजूर झाल्यावर शासन लवाद नेमतं, तो प्रत्येक मालकाला नोटीस काढून सुनावणी घेतो. माझ्या मते हीच सुनावणी सगळ्यांत मोलाची, आणि लोक नेमके इथे एकटे, रिकाम्या हाताने जातात. शेजारच्या प्रत्यक्ष खरेदीखतांच्या दस्तक्रमांकासह नकला, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, आणि अंतिम भूखंडाचं जागेवर मोजलेलं रेखाचित्र घेऊन जा. भावनिक भाषण लवाद ऐकून घेतो. टिपणीत मात्र ‘अर्जदाराने कागद सादर केला नाही’ एवढंच येतं.

बोलायचे मुद्देही ठरलेले असावेत. इराद्याच्या तारखेला सुधारणेविना दर मुद्दाम कमी धरला आहे का, कारण तो जितका कमी तितकी वृद्धी फुगते. ‘सुधारणेनंतरचा’ दर रुंद रस्त्यावरच्या भूखंडाचा घेऊन आतल्या भूखंडाला चिकटवलाय का. तुमच्या भूखंडातून उच्चदाब वाहिनी किंवा नाला जातो त्याची वजावट केली का. आणि योजनेच्या खर्चात असे रस्ते घातलेत का की ज्यांचा उपयोग योजनेबाहेरच्या सगळ्या शहराला आहे. लवादाच्या ठरावीक निर्णयांवर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, मुदत निर्णयाच्या कागदातच असते.

मागणी अंतिम झाली तरी सगळी रक्कम एकदम भरायची सक्ती नाही. जास्तीत जास्त दहा वार्षिक हप्त्यांची सवलत कायद्यात आहे, व्याजासह. थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

एक निरीक्षण, जरा कडू. या योजना लांबतात. किमती इराद्याच्या तारखेला गोठलेल्या असल्याने योजना जितकी रखडेल तितकं अंशदान प्रत्यक्षात स्वस्त होत जातं आणि रस्त्याचा खर्च मात्र वाढत जातो. मालकाला हे फायद्याचं वाटतं, पण वीस लाख वाचले आणि रस्ताच पंधरा वर्षं झाला नाही, तर १४,००० चा दर येणार कुठून? रस्ता वेळेत व्हावा यासाठीही हरकतीत एक परिच्छेद लिहा.

अमेरिकेत घर घेतलेल्या मंडळींना हाच प्रकार फार उघडपणे भेटतो. तिथे ‘स्पेशल असेसमेंट’ म्हणून रस्त्याच्या कामाचा वाटा थेट घरावर चढतो, बऱ्याचदा घराची रस्त्यालगतची लांबी फुटांत मोजून. मिनेसोटात आकारणी घराच्या किमतीत होणाऱ्या वाढीपेक्षा जास्त असू शकत नाही, पण अपिलाचा हक्क हवा असेल तर सुनावणीच्या आधी किंवा सुनावणीतच सही केलेली लेखी हरकत द्यावी लागते, आणि ठराव झाल्यापासून ३० दिवसांत महापौराला किंवा शहराच्या क्लार्कला अपिलाची नोटीस. तोंडी बोलून घरी आलात तर हक्क गेला. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१८ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) नंतर मालकांना मतपत्रिका पाठवावी लागते, मताचं वजन आकारणीच्या रकमेनुसार ठरतं, आणि विरोध जास्त भरला तर आकारणी होत नाही. पोस्टाने आलेली ती मतपत्रिका जाहिरात समजून केराच्या टोपलीत टाकू नका.

सहावी पायरी: खाजगी गल्ली

मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातलं कलम ३०५ फारसं कोणी वाचत नाही, आणि नोटीस आली की धावपळ होते. खाजगी रस्ता समतल केलेला, फरसबंद केलेला, सांडपाण्याची सोय असलेला नसेल, तर आयुक्त त्या रस्त्याला लागून असलेल्या मालमत्तांच्या मालकांना ते काम करून घ्यायला लेखी नोटिशीने सांगू शकतात. काम केलं नाही तर कलम ४८९ प्रमाणे पालिका स्वतः करून खर्च वसूल करू शकते. इतर महापालिकांच्या अधिनियमातही याच अर्थाची तरतूद आहे.

नोटीस आलीच तर पहिलं उत्तर ‘रस्ता आमचा नाही’ असं देऊ नका, पहिल्या पायरीतलं मालमत्ता पत्रक हातात असल्याशिवाय तरी नाही. रस्ता जुन्या जमीनदाराच्या नावावर असला तरी नोटीस लगतच्या मालकांना लागू शकते. त्याऐवजी गल्लीतल्या सगळ्या इमारतींची एक बैठक घ्या आणि वाटणीचं सूत्र लेखी ठरवा. रस्त्यालगतच्या लांबीवर, भूखंडाच्या क्षेत्रावर, की सदनिकांच्या संख्येवर? लांबीवर वाटलं तर कोपऱ्यावरचा बंगला मरतो, सदनिकांवर वाटलं तर टोकाचा टॉवर कुरकुर करतो. माझा कल निम्मं लांबीवर आणि निम्मं सदनिकांवर असा आहे. प्रत्येक सोसायटीने आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव करून प्रत दिल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

आणि खर्च करणारच असाल तर पुढचं कलम, ३०६, सोडू नका. रस्ता आयुक्तांचं समाधान होईल असा समतल, फरसबंद, गटारांसह तयार झाला, दिव्यांची सोय झाली आणि त्या जमिनीचा महसूल भरलेला असेल, तर मालकांनी, किंवा त्यांच्यापैकी एकानेही, विनंती केल्यावर तो सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करायचा आहे. कायद्याची भाषा इथे मालकाच्या बाजूची आहे. एकदा घोषणा झाली की पुढची देखभाल पालिकेची. अर्जासोबत रस्त्याचा मोजणी नकाशा, गटाराच्या जोडणीचा दाखला, दिव्यांचे फोटो, महसूल भरल्याची पावती आणि मिळेल तेवढ्या मालकांची संमती द्या. महसुलाच्या पावतीवरच अर्ज अडतो, कारण त्या पट्टीचा सारा कोणीच भरत नसतं. तो आधी तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात चौकशी करून भरून टाका.

एक सावधगिरी. गल्ली आराखड्यातला रस्ता म्हणून दाखवलेली असेल तर तिची जमीन फुकट देऊ नका. आराखड्यातल्या रस्त्याखालची जमीन दिल्यावर मोबदला, चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांपैकी काहीतरी मिळतं. ताबा पावतीवर सही करण्याआधी मोबदल्याचा कागद मागा. ‘आधी ताबा द्या, मग बघू’ या वाक्यावर गेलेल्या जमिनी परत मोजायला फार वर्षं लागतात.

आमदार किंवा नगरसेवकाच्या निधीतून होईल, अशी आशा गल्लीत हमखास कोणीतरी देतो. निधी सार्वजनिक मालमत्तेवर खर्च करायचा असतो, त्यामुळे खाजगी रस्त्यावर तो लेखापरीक्षणात अडकतो. आधी रस्ता सार्वजनिक, मग निधी.

खोदाई शुल्क

नळजोडणीसाठी किंवा ड्रेनेजसाठी रस्ता फोडला की पूर्ववत करण्याचा खर्च तुम्ही भरता. डांबरी आणि काँक्रीट रस्त्याचा दर फार वेगळा असतो, म्हणून रस्त्याचं काँक्रीटीकरण जाहीर झालं की जोडणीची कामं आधी उरकून घ्या. चलनावर लांबी-रुंदी लिहिलेली असते, प्रत्यक्ष चराशी ताडून बघा. पैसे भरूनही चर उघडाच राहिला तर पावतीच्या प्रतीसह देखभाल विभागाकडे तक्रार करा. हे शुल्क आहे, कर नाही. इथे ‘पैसे घेतले, काम द्या’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

सातवी पायरी: झालेल्या कामाचा हिशोब मागणं

पैसे कोणत्याही वाटेने गेलेले असोत, कामाचे कागद एकाच ठिकाणी असतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळं गाऱ्हाणं एका अर्जात कोंबू नका. एकाच रस्त्याचं नाव घेऊन एवढंच मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, साहित्य चाचणीचे अहवाल, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख.

मोजमाप पुस्तिका, कंत्राटदारांच्या बोलीत एमबी, हा या सगळ्यातला राजा कागद. त्यात कुठून कुठपर्यंत, किती जाडीचा थर टाकला ते लिहिलेलं असतं. टेप घेऊन लांबी तुम्ही स्वतः मोजू शकता. दोषदायित्व कालावधी चालू असताना रस्ता फुटला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायची असते. त्याच तुकड्याची नवी निविदा निघालेली दिसली तर जुन्या कार्यादेशाची प्रत जोडून आयुक्तांना पत्र द्या. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

विकत घेण्याआधी

सदनिका घेताना बिल्डर ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ किंवा ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणून वेगळी रक्कम मागतो. ती पालिकेला भरलेल्या विकास शुल्काचीच परतफेड आहे की वरचा आकडा, हे चलनाची प्रत मागितल्याशिवाय कळत नाही. गोव्यात घेत असाल तर तिथे २००९ च्या कायद्याने बांधकामावर पायाभूत सुविधा कर आहे, त्याची पावती बघा.

टीपी क्षेत्रातला भूखंड घेताना मात्र वकिलाचा शोध अहवाल पुरत नाही. प्राधिकरणाकडे जाऊन नमुना १ मधली त्या भूखंडाची ओळ स्वतः वाचा, निव्वळ मागणी किती, किती हप्ते भरले, योजना मसुद्यात आहे की लवादाकडे की अंतिम. मागणी भूखंडाच्या मागे लागते, विकणाऱ्याच्या मागे नाही. त्यामुळे खरेदीखतात ‘नगररचना योजनेखालील अंशदान, आजपर्यंतचे व यापुढे निश्चित होणारे, कोणी भरायचे’ हे वाक्य नावानिशी घाला, आणि मागणी अजून ठरलेली नसेल तर किमतीतली काही रक्कम अंतिम आकडा येईपर्यंत रोखून ठेवण्याची अट मान्य करून घ्या.